नाशिकमध्ये सात दिवस, आटोपशीर खर्चात: मुक्काम, फिरणे आणि खाणे यांचे नियोजन

नाशिकला येणारे बहुतेक पाहुणे एका दिवसाचे असतात. पहाटे मुंबईहून किंवा पुण्याहून गाडी करून निघायचे, रामकुंडावर पाय भिजवायचे, काळारामाचे दर्शन घ्यायचे, दुपारी त्र्यंबक उरकायचे आणि रात्री शिर्डी गाठायची, असा हा ठरलेला बेत असतो. त्यात शहर दिसत नाही आणि पैसेही वाचत नाहीत, कारण सगळा खर्च गाडीच्या भाड्यात आणि महामार्गावरच्या जेवणात जातो. याच शहरात सलग सात दिवस राहायचे ठरवले, तर दर दिवसाचा खर्च बराच खाली आणता येतो. मात्र त्यासाठी दोन गोष्टी घरूनच ठरवून निघावे लागते. एक म्हणजे झोपायचे कुठे आणि दुसरी म्हणजे कोणत्या दिवशी कोणत्या रस्त्याला लागायचे. माझे घर नाशिकमध्ये असल्याने गेली अनेक वर्षे नातेवाइकांचे असे बेत माझ्याकडूनच आखून घेतले जातात. त्यात झालेल्या चुका आणि जमलेल्या गोष्टी येथे क्रमाने मांडतो.

आधी शहराची ठेवण समजून घ्यावी

नाशिकचा नकाशा चाकासारखा आहे. मध्यभागी जुने सीबीएस (म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक), शालिमार, रविवार कारंजा आणि गोदाघाट हा भाग येतो, आणि तेथून एकेक रस्ता एकेका दिशेला जातो. पश्चिमेला त्र्यंबक रस्ता आणि गंगापूर रस्ता, उत्तरेला दिंडोरी रस्ता, नैऋत्येला पांडवलेण्यांवरून जाणारा मुंबईचा महामार्ग, आणि आग्नेयेला द्वारका चौकावरून नाशिकरोडकडे जाणारा पुण्याचा रस्ता. पाहण्याची ठिकाणे याच रस्त्यांवर विखुरलेली आहेत. सकाळी पांडवलेणी, दुपारी पंचवटी, संध्याकाळी गंगापूर धरण असा दिवस आखणारा माणूस दिवसातून तीनदा शहराच्या मध्यातून जातो आणि तीनदा रिक्षाचे भाडे भरतो. म्हणून एका दिवशी एकच दिशा धरावी. सात दिवसांचा सारा हिशेब याच एका नियमावर बसवता येतो.

याचाच दुसरा अर्थ असा की मुक्काम चाकाच्या मध्यावर हवा. माझ्या आतेभावाने एकदा कोल्हापूरहून येताना मोबाइलवर स्वस्त दिसले म्हणून नाशिकचे म्हणून एक हॉटेल घेतले. प्रत्यक्षात ते महामार्गावर, शहराच्या बरेच बाहेर निघाले. खोली स्वच्छ होती आणि भाडेही कमी होते, पण रात्री आठनंतर तेथून शहरात यायला बस नव्हती आणि रिक्षावाला परतीचेही भाडे मागत असे. तिसऱ्या दिवशी त्याने हिशेब मांडला, तेव्हा खोलीत वाचलेले पैसे रिक्षात जाऊन वर आणखी गेले होते. तेव्हापासून मी पाहुण्यांना एकच चाचणी सांगतो. नकाशावर मुक्कामाचे ठिकाण आणि रविवार कारंजा यांच्यातले पायी अंतर पाहावे. ते अर्ध्या तासाच्या आत असेल तरच पुढचे बोलणे करावे.

केव्हा यावे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ फिरायला उत्तम. थंडी चांगली पडते, त्यामुळे स्वेटर लागतोच. द्राक्षे खायची असतील तर जानेवारी अखेर ते मार्च हा काळ धरावा. द्राक्षबागा पाहायच्या असतील तर हे आणखी काटेकोरपणे पाळावे, कारण एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि त्यानंतर आलेल्या पाहुण्याला मांडवावर नुसत्या काड्या दिसतात. पावसाळ्यात त्र्यंबकचा डोंगर आणि गंगापूर धरणाचा परिसर हिरवागार असतो आणि खोल्यांची मागणीही कमी असते, परंतु धरणातून पाणी सोडले की गोदाघाट बंद होतो. घाटावर दुतोंड्या मारुतीची मोठी मूर्ती आहे. गंगेला किती पाणी आले, हे नाशिककर याच मूर्तीवरून सांगतात. मारुतीच्या कमरेला पाणी लागले, छातीला लागले, डोक्यावरून गेले, अशी ती मोजणी असते. नदीला गोदावरी न म्हणता गंगा म्हणणे हीही येथलीच रीत. कोणी ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणाले तर तो काशीला निघालेला नसतो, हे पाहुण्याने ध्यानात ठेवावे.

खर्चाच्या दृष्टीने टाळावेत असे काही दिवस आहेत. श्रावणातले सोमवार, विशेषतः तिसरा सोमवार, दिवाळी आणि नाताळच्या सुट्ट्या, आणि सलग सुट्टीला जोडून येणारे शनिवार-रविवार या काळात खोल्यांचे दर हमखास चढतात. पुढचा सिंहस्थ २०२७ चा आहे आणि त्याच्या मुख्य पर्वण्या ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये येतात. त्या काळात काटकसरीच्या शहरभेटीचा विचारच करू नये, पर्वणीसाठी यायचे असेल तर त्याचे नियोजन वेगळे असते. उलट, थोडी गर्दी सोसायची तयारी असेल तर रंगपंचमीचा आठवडा जरूर निवडावा. नाशिकमध्ये खरा रंग धुळवडीला नव्हे तर रंगपंचमीला खेळला जातो. शनि चौक, दिल्ली दरवाजा, तिवंधा अशा ठिकाणी एरवी जमिनीखाली बंद असलेले पेशवेकालीन दगडी हौद, म्हणजे रहाडी, त्या दिवसासाठी उघडतात. रंगीत पाण्याने भरलेल्या त्या हौदात उडी मारणारे लोक फुकट पाहता येतात आणि जुने कपडे असतील तर स्वतःही उतरता येते.

आठवड्यातला कोणता वार धरावा, हा प्रश्न लहान वाटला तरी पैशाचा आहे. माझ्या मते रविवारी दुपारी पोहोचावे आणि शनिवारी निघावे. रविवारी संध्याकाळी शनिवार-रविवारचे पर्यटक परतलेले असतात, त्यामुळे खोलीचा दर घासाघीस करण्याजोगा होतो. बुधवारचा बाजारही याच आठवड्यात येतो. रात्री सहाच होतात, म्हणजे सातव्या रात्रीचे भाडे वाचते.

कसे यावे

मुंबईहून रेल्वे हाच स्वस्त आणि सुखाचा मार्ग आहे. तपोवन एक्सप्रेस सकाळी निघते आणि पंचवटी एक्सप्रेस संध्याकाळी, दोन्हींत बसून जाण्याचे दुसऱ्या वर्गाचे आरक्षण मिळते. वंदे भारत वेळ वाचवते, पैसे नाही. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते. तारीख ठरली की आधी तिकीट काढावे, खोलीचे नंतर पाहावे. आरक्षण न मिळाल्यास कसाऱ्यापर्यंत लोकल आणि तेथून एसटी किंवा शेअर टॅक्सी हा जुना मार्ग आहेच. सामान हलके असेल तर तो मुळीच वाईट नाही. कसारा घाटात टॅक्सीच्या खिडकीची जागा मिळाली तर उत्तमच.

पुण्याहून साधारण २१० किलोमीटरचे अंतर आहे आणि तेथून एसटीच सोयीची. राज्यात एसटीच्या बसमध्ये महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धे, आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. त्यामुळे दोन बायका आणि एक आजोबा अशा कुटुंबाला रेल्वेपेक्षा एसटी स्वस्त पडू शकते. तिकीट काढण्यापूर्वी ही बेरीज एकदा करून पाहावी. वयाच्या पुराव्याचे ओळखपत्र हाताशी ठेवावे. एसटीचा सात दिवसांचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पासही असतो, परंतु तो रोज लांब पल्ला गाठणाऱ्यांसाठी आहे. एका शहरात राहणाऱ्याने तो घेऊ नये, पैसे वसूल होत नाहीत.

उतरायचे कुठे, हे तिकीट काढतानाच विचारावे. काही गाड्या मुंबई नाक्यावरच्या महामार्ग बसस्थानकावर थांबतात, काही ठक्कर बाजारला जातात. रेल्वेने येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की स्टेशन नाशिकरोडला आहे आणि शहराचा मध्य तेथून नऊ-दहा किलोमीटर दूर आहे. स्टेशनाबाहेर पडताच रिक्षावाले घेरतात. त्यांच्यातून पुढे जाऊन सिटीलिंकची शहर बस पकडावी किंवा शेअर रिक्षात बसावे. रिक्षावाला ‘सीट की स्पेशल?’ असे विचारतो. ‘सीट’ म्हणजे माणशी भाडे देऊन इतरांबरोबर बसणे आणि ‘स्पेशल’ म्हणजे अख्खी रिक्षा. या एका शब्दावर भाडे कित्येक पटींनी बदलते, म्हणून उत्तर स्पष्ट द्यावे आणि आकडा बसण्यापूर्वी ठरवावा. मीटरची अपेक्षा ठेवू नये.

मुक्काम

तीन पर्याय आहेत. पंचवटीतल्या धर्मशाळा आणि भक्तनिवास सर्वांत स्वस्त पडतात, परंतु तेथे रात्री दार बंद होण्याची वेळ ठरलेली असते, मद्य आणि मांसाहार चालत नाही, आणि एकट्या माणसाला खोली देण्यास काही ठिकाणी खळखळ करतात. सीबीएस, शालिमार आणि रविवार कारंजा या भागातले जुने लॉज त्यापेक्षा थोडे महाग असतात, पण कोठेही जायला तेथून बस मिळते. तिसरा पर्याय कॉलेज रोड आणि गंगापूर रोडचा. तेथली हॉटेले नवी आणि नीटनेटकी आहेत, पण दर आणि आसपासचे खाणे दोन्ही महाग. सहा रात्रींसाठी मी दुसराच पर्याय सुचवीन. आजी-आजोबा बरोबर असतील आणि पहाटेच्या दर्शनाची ओढ असेल तर पहिला.

लॉजमध्ये सहा रात्रींचे पैसे आगाऊ भरू नयेत. पहिल्या रात्रीपुरतेच पैसे द्यावेत, खोलीत नळाला पाणी किती वेळ येते, गरम पाणी कधी मिळते आणि खिडकी रस्त्यावर उघडते की आतल्या चौकात हे पाहावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ‘अजून पाच रात्री राहतो, एकरकमी काय घ्याल?’ असे काउंटरवर विचारावे. समोरासमोर, आडवारी केलेल्या या प्रश्नाला बहुधा उत्तर मिळते. प्रत्येकाचे आधार कार्ड, मूळ आणि झेरॉक्स, जवळ ठेवावे.

पैशाचा आराखडा

दोन माणसे, सात दिवस आणि सहा रात्री यांसाठी मी पुढील आकडे धरून चालतो. खोलीचे रात्री हजार धरले तर सहा हजार होतात. खाण्याचे माणशी दिवसाला साडेतीनशे धरले तर सात दिवसांचे चार हजार नऊशे. शहरातल्या फिरण्याचे दोघांचे मिळून दिवसाला दोनशे, म्हणजे चौदाशे. त्र्यंबक आणि वणी या दोन बाहेरच्या दिवसांसाठी वेगळे हजार. प्रवेशशुल्क, देवळातली दक्षिणा, चप्पल सांभाळणाऱ्या मावशी असे किरकोळ सातशे. घरी न्यायचा चिवडा आणि इतर खरेदी हजार. बेरीज पंधरा हजार येते. त्यावर दोन हजार राखीव ठेवून सतरा हजारांत, येण्याजाण्याचे तिकीट सोडून, आठवडा व्यवस्थित पार पडावा. धर्मशाळेत राहिल्यास यातले दोन-तीन हजार वाचतील. एकटा माणूस आला तर खर्च निम्मा होत नाही, कारण खोलीचे भाडे तेवढेच राहते. एकट्याने दहा-साडेदहा हजार धरावेत.

राखीव रक्कम वेगळ्या पाकिटात ठेवावी आणि रोज रात्री दिवसभराचा खर्च लिहावा. मोबाइलवरून पैसे देणे सोपे असल्यामुळे दिवसाचा आकडा नकळत फुगतो. शेअर रिक्षासाठी दहा-वीसच्या नोटा मात्र खिशात लागतातच.

दिवसांची मांडणी

रविवारी पोहोचल्यावर काहीही पाहण्याचा आग्रह धरू नये. खोली घ्यावी, आंघोळ करावी आणि संध्याकाळी पायी गंगेवर जाऊन आरतीच्या वेळी घाटावर बसावे.

सोमवार पंचवटीचा. येथे ‘पंचवटी दर्शन’ घडवणारे रिक्षावाले भेटतात. सगळी ठिकाणे एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर आहेत, त्यामुळे रिक्षा करू नये. सकाळी सात-आठला रामकुंडापासून सुरुवात करावी. तेथून पायऱ्या चढून कपालेश्वराला जावे. महादेवासमोर नंदी नसलेले देऊळ म्हणून ते ओळखले जाते. तेथून काळाराम मंदिर. सरदार ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात काळ्या दगडात बांधलेले हे देऊळ भव्य आहे, पण माझ्या मते त्याचे महत्त्व बांधणीपेक्षाही दारात घडलेल्या इतिहासात आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली येथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो पुढे काही वर्षे चालला. देवळात शिरण्यापूर्वी दारापाशी दोन मिनिटे थांबून ते आठवावे. जवळच सीता गुंफा आणि पाच वड आहेत. गुंफेत वाकून, जवळजवळ बसूनच, अरुंद वाटेने उतरावे लागते. गुडघेदुखी किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी बाहेर वडाच्या पारावर बसणे बरे. परतताना नदीकाठचे नारोशंकराचे देऊळ पाहावे. १७४७ मधले हे देऊळ आहे, आणि त्याच्या भिंतीवरची पोर्तुगीज घंटा वसईच्या विजयानंतर येथे आली. दुपारी विश्रांती घेऊन संध्याकाळी तपोवनात जावे.

रामकुंडावर आणि दुसऱ्या दिवशी त्र्यंबकला विधी करायचा असेल तर दक्षिणा, साहित्य आणि जेवण यांचा एकत्रित आकडा आधी विचारून घ्यावा. विधी करायचा नसेल तर नम्रपणे ‘फक्त दर्शनाला आलोय, गुरुजी’ एवढे म्हणावे; पुढे कोणी अडवत नाही.

मंगळवारी त्र्यंबक रस्ता धरावा. त्र्यंबकेश्वर शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे आणि बस सारख्या असतात. सोमवार टाळून मंगळवारी जाण्याचे कारण उघड आहे. सकाळी सहाच्या आसपास निघाल्यास रांग लहान मिळते आणि पैसे भरून लवकर दर्शन घेण्याची गरज उरत नाही. आताचे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतले. देऊळ, कुशावर्त कुंड आणि संत निवृत्तिनाथांची समाधी अकरापर्यंत होतात. त्यानंतर ब्रह्मगिरी चढायचा की परतीच्या वाटेवर अंजनेरीला उतरायचे, यांपैकी एकच निवडावे. पाय धडधाकट असतील तर ब्रह्मगिरी. इतिहासाची आवड असेल तर अंजनेरीजवळचे नाण्यांचे संग्रहालय. हे संग्रहालय नाशिकला वर्षानुवर्षे येणाऱ्यांनीही पाहिलेले नसते.

बुधवार जुन्या नाशिकसाठी राखून ठेवावा, आणि या दिवशी पाकीट अर्धे रिकामे करून निघावे. ‘नाशिक नव टेकांवर वसविले’ असे म्हणतात, आणि जुन्या गावठाणातल्या गल्ल्यांतून चालू लागले की ते पायांना पटते. रविवार कारंजावरच्या चांदीच्या गणपतीपासून निघावे, सराफ बाजारातला सरकारवाडा पाहावा, मग भांडी बाजारात शिरावे. तांब्यापितळेच्या भांड्यांची दुकाने येथे ओळीने आहेत. भांडे घ्यायचे असेल तर ते वजनावर मिळते, म्हणून आधी त्या दिवसाचा किलोचा भाव विचारावा, मग घडणावळ, आणि भांडे आपल्यासमोर तराजूवर ठेवायला सांगावे. मी एकदा लहानसा तांब्या घेताना तळाशी बोट लावून पाहिले, तेव्हा दुकानदार हसून म्हणाला, ‘साहेब, बोटाने नाही, नखाने वाजवून बघा.’ जाड पत्र्याचा आवाज लांबतो आणि पातळ पत्र्याचा चटकन विरतो, हे त्याने दोन तांबे वाजवून दाखवले. चांगला तांब्या अर्थातच महाग होता. तो मी घेतला नाही.

दुपारनंतर घाटावर बुधवारचा बाजार पूर्ण भरतो. भाजी, धान्य, मसाले, सुऱ्या-विळ्या, घोंगड्या अशा वस्तूंच्या रांगा नदीकाठापर्यंत जातात. सात दिवसांची फळे, शेंगदाणे आणि गूळ येथूनच घ्यावेत. मधल्या वेळी भूक लागली की हॉटेलात शिरावे लागत नाही. संध्याकाळी टिळक पथावरच्या सार्वजनिक वाचनालयात डोकावावे. ही संस्था १८४० ची आहे. बुधवारी एकही वाहन लागत नाही, म्हणून हा आठवड्यातला सर्वांत स्वस्त दिवस ठरतो.

गुरुवारी दोन पर्याय आहेत. देवीचे दर्शन हवे असेल तर एसटीने सप्तशृंगगड, वणी. अंतर साठ-पासष्ट किलोमीटर, त्यामुळे सारा दिवस जातो. मंगळवार आणि शुक्रवार हे देवीचे वार, म्हणून गुरुवार. गडावर पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत, आणि चढणे जमत नसेल तर रोपवेची ट्रॉली आहे. चैत्रातल्या यात्रेच्या आणि नवरात्राच्या दिवसांत मात्र हा बेत रद्द करावा. दुसरा पर्याय दिंडोरीच्या बाजूचा. म्हसरूळजवळची चांभारलेणी, म्हणजे जैनांचे गजपंथ तीर्थ, चारेकशे पायऱ्यांवर आहेत, आणि पुढे आशेवाडीजवळ रामशेज किल्ला. १६८२ पासून या लहानशा किल्ल्याने मोगल फौजांना काही वर्षे झुंजवले. चढ अगदी सोपा आहे. माथ्यावर पोहोचल्यावर एवढ्याशा गडाने ते कसे केले असेल, हाच विचार मनात येतो. आशेवाडीकडे जाणाऱ्या गाड्या कमी असल्यामुळे परतीची वेळ चालकाला विचारूनच उतरावे, आणि पाणी घेऊन चढावे.

शुक्रवार हा एका दिशेचा नियम मोडणारा एकच दिवस. सकाळी पाथर्डी फाट्याकडे जाणाऱ्या बसने पांडवलेण्यांच्या पायथ्याशी उतरावे. त्रिरश्मी डोंगरावर ही चोवीस बौद्ध लेणी आहेत. पांडवांशी त्यांचा संबंध नावापुरताच. वीस-पंचवीस मिनिटांचा चढ आहे आणि ऊन चढण्याआधी, आठच्या सुमारास, निघावे. लेणी क्रमांक तीन, दहा आणि अठरा निवांत पाहावीत. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपला पुत्र, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, याचे पराक्रम कोरून ठेवले आहेत, आणि दहाव्या लेण्यात सातवाहनांचा शत्रू असलेल्या क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचे दानलेख आहेत. अठरावे लेणे म्हणजे चैत्यगृह, स्तूप असलेले प्रार्थनागृह. एका डोंगरावर, काही पावलांच्या अंतराने, एकमेकांशी लढलेल्या दोन घराण्यांचे दानलेख वाचायला मिळतात. उतरल्यावर पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. भारतीय चित्रपटाचे हे जनक १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मले.

दुपारी खोलीवर परतून ऊन उतरल्यावर गंगापूर रस्त्याला लागावे. आनंदवल्लीचा नवश्या गणपती आणि पुढे सोमेश्वर ही दोन ठिकाणे बसने होतात. त्यापलीकडे द्राक्षबागा आणि वायनरी आहेत. त्या पाहण्यासारख्या आहेत, परंतु तेथले खाणे-पिणे या आराखड्यात बसत नाही, आणि रात्री परतीचे वाहन मिळणे कठीण जाते. हौस असेलच तर राखीव दोन हजारांतून करावी आणि अंधार पडण्यापूर्वी निघावे. एरवी वि. वा. शिरवाडकरांच्या नावाच्या कुसुमाग्रज स्मारकात काही कार्यक्रम आहे का पाहावे. तेथले पुष्कळ कार्यक्रम विनामूल्य असतात.

खाण्याचे गणित

नाशिकमध्ये मिसळ हा नाश्ता नव्हे, जेवणच आहे, आणि काटकसर करणाऱ्याने तिला तोच मान द्यावा. सकाळी सात वाजता चहाबरोबर दोन बिस्किटे, साडेदहाला भरपेट मिसळ, चारला फळे किंवा पाववडा, आणि रात्री साधी राइसप्लेट किंवा भाकरी-पिठले असा क्रम ठेवला की दुपारच्या जेवणाचा खर्चच निघून जातो. ताटात मोड आलेली मटकी, वर शेव आणि बारीक कांदा, बाजूला लिंबू, दही, भाजलेला किंवा तळलेला पापड, आणि वेगळ्या वाटीत रस्सा येतो. वरची लाल किंवा काळी तर्री स्वतंत्र मागता येते. नवख्याने ती पहिल्याच घासाला ओतू नये; आधी रस्सा चाखावा, मग तर्री चमच्याने वाढवावी. रस्सा बहुतेक ठिकाणी पुन्हा वाढतात, जादा पावाचे मात्र पैसे पडतात, आणि ते किती हे विचारण्यात संकोच करू नये. चांगल्या ठिकाणची मिसळ दुपारी संपते. मळ्यातल्या चुलीवरच्या मिसळीची हल्ली फार चलती आहे, पण तेथे जायला गाडी लागते. सात दिवसांत एकदा जायला हरकत नाही, रोज मात्र गावातलीच खावी.

शनिवार, निघण्याचा दिवस

सकाळी खोली सोडावी आणि सामानासह नाशिकरोडला जावे. सामान ठेवण्याची सोय स्टेशनवर करून मोकळ्या हाताने मुक्तिधाम पाहावे. हे पांढऱ्या संगमरवराचे देऊळ स्टेशनापासून जवळ आहे आणि त्याच्या भिंतींवर गीतेचे अठरा अध्याय लिहिलेले आहेत. गाडी उशिराची असेल तर देवळाली कॅम्पवरून भगूरला जाऊन १८८३ मध्ये तेथे जन्मलेल्या विनायक दामोदर सावरकरांचा वाडा पाहून येता येते. भगूरही याच दिशेला आहे.

चिवडा आदल्या दिवशी, गावातल्या नेहमीच्या दुकानातून, पाव-पाव किलोच्या बंद पाकिटांत घ्यावा. सुटा घेतल्यास पिशवीत तेल सुटते आणि घरी पोहोचेपर्यंत निम्मा प्रवासातच संपतो. मुंबईकडे जाणाऱ्यांनी शनिवारचा कार्यक्रम गाळून सकाळी सातच्या सुमाराची पंचवटी एक्सप्रेस धरली, तर एक सूचना द्यावीशी वाटते. या गाडीत मासिक पासधारकांचे डबे वेगळे असतात. रोज जाणारे लोक आपापल्या जागा ओळखून असतात, त्यामुळे चुकून त्या डब्यात बसलेल्या पाहुण्याला इगतपुरी येण्याच्या आतच सामानासह उठावे लागते.